घरातली माणसं : सहा

शनिवार, ३ मे

पिवळं सरकारी पाकीट आलं! माझा मुलगा गौरांग पायजम्यावरच दार उघडायला गेला. पोस्टमनने पाकिटावर आजची तारीख लिहिली आणि त्याच्या हातात ठेवलं. एरवी हा माणूस पार्सलसुद्धा खालच्या मजल्यावर टाकून पळतो. आज कसा वर आला!

सुनेचा, वल्लरीचा, जर्मनीत कायमच्या वास्तव्याचा अर्ज नामंजूर. दहा महिने ताटकळत ठेवून नामंजूर! सहा पानं जर्मन. गौरांगने वाचली, मग वल्लरीने वाचली, मग दोघांनी मिळून वाचली. मी म्हटलं, "आता मला सांगा, नाहीतर मी मोठ्याने प्रार्थना म्हणेन." कॉन्व्हेंटच्या सगळ्या पाठ आहेत अजून.

कारण काय, तर जागा अपुरी! घरात माणसं सहा, माणशी बारा चौरस मीटर, म्हणजे बाहत्तर हवेत. हे घर त्रेसष्टचं.

मी मोजलं. वल्लरी, गौरांग, त्यांच्या मुली उर्जा, मैत्रेयी. मी तर पाहुणी. पुन्हा मोजलं. चारच.

"सहा कुणी लिहिले?"

"अर्जात आपणच लिहिलेत म्हणे," गौरांग म्हणाला. "वल्लरीने भरला असणार."

वल्लरीने माझ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. "माझी सही आहे. माझीच चूक."

मी तेहतीस वर्षं विमा कचेरीत लोकांचे अर्ज तपासले. एक रकाना चुकला की अर्ज परत! लोक मला मागे काय म्हणायचे ते मला ठाऊक आहे. आणि माझ्याच घरात हे! बोललेच मग मी. सही करण्याआधी वाचावं, एवढं तर आम्हाला तिसरीत शिकवलं होतं. सिस्टर बेनेडिक्टा पट्टी घेऊन उभी असायची.

वल्लरी "हो, आई" म्हणाली आणि वरणाला फोडणी द्यायला गेली. ही मुलगी उलट उत्तर देत नाही. भांडायला मजाच येत नाही.

रविवार, ४ मे

सगळं नीट समजून घेतलं. कागदावर आकृती काढली.

वल्लरी ब्लू कार्डावर आहे, म्हणजे ठरावीक पगाराच्या नोकरीवर मिळणाऱ्या परवान्यावर. झिंडेलफिंगेनला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. गौरांगचा परवाना तिच्या परवान्याला टांगलेला, मुली त्या दोघांना. म्हणजे माझा मुलगा बायकोच्या पदराला बांधलेला आहे हे मी लग्नापासून म्हणत होते, आता सरकारी कागद मिळाला.

तिचा विभाग जूनअखेर बंद होतोय. नवीन नोकरी साधारण तीन महिन्यांत शोधायची, तीही ब्लू कार्डाला चालेल एवढ्या पगाराची. तिच्या दोन जुन्या सहकाऱ्यांनी छोटी कंपनी काढलीय, तिच्यासाठी खुर्ची रिकामी ठेवलीय. जुलैपासून ये म्हणतात. पण पगार त्या रेषेच्या खाली. कायमचा परवाना असता तर रेषेची पर्वाच नव्हती.

आणि हे सगळं अडलं कशावर? एका आकड्यावर!

सोमवार, ५ मे

पुण्याला फोन. यांना सांगितलं. हे शांतपणे म्हणाले, "सहा? मग दोघं कोण, भाडेकरू ठेवलेत का?"

विलासरावांना परिस्थितीचं गांभीर्य कधीच कळलेलं नाही. आणीबाणीतही कळलं नव्हतं.

बुधवार, ७ मे

देवदत्तचा फोन. माझा मावसभाऊ, ब्राउनश्वाइगला तीस वर्षं. सगळं माहीत असतं. "ताई, कोर्टात खेचा! थेट! हे लोक कोर्टाला घाबरतात."

मी विचारलं, "तू कितीदा गेलायस कोर्टात?"

"मी नाही, पण एक पंजाबी आहे माझ्या ओळखीचा..."

शिवाय आमच्या भिशीच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, कॅनडाला जा. जसा कॅनडा म्हणजे पलीकडची गल्ली. मी लिहिलं, तू पुढे हो, आम्ही येतो.

शनिवार, १० मे

मोठं घर पाहायला गेलो. चौऱ्याहत्तर चौरस मीटर! म्हटलं, सहा तर सहा, सोळा लिहा. जिन्यात आमच्या आधी चाळीस माणसं रांगेत. सगळी हसरी, सगळ्यांच्या हातात प्लास्टिकच्या फाइली, वधूपरीक्षेला निघाल्यासारखी. घरमालकाने विचारलं, स्वयंपाकाला फार वास येतो का? मी इंग्रजीत सांगितलं, "Only when it is good."

घर मिळालं नाही. वल्लरी ट्रॅममध्ये खिडकीकडे तोंड करून बसली होती. मला वाटलं रडते आहे. हसत होती.

मंगळवार, १३ मे

दहा दिवस गेले. नकाराविरुद्ध लेखी हरकत घ्यायला मुदत एकच महिना, पाकिटावरच्या तारखेपासून. म्हणजे तीन जून. आणि माझा मुलगा काय करतोय? फ्रिज साफ करतोय.

फ्रिजच्या दारावर, पिझ्झाच्या जाहिरातीखाली, चुंबकाने लावलेलं एक पत्र सापडलं. त्याच ऑफिसचं. फेब्रुवारीतलं! "आपण सहा व्यक्ती लिहिल्या आहेत, कृपया खुलासा करावा." आणि खुलाशाऐवजी वर पिझ्झा!

"या, आठवलं," गौरांग म्हणाला. "मला वाटलं, नंतर बघू."

हा 'या' म्हणजे जर्मन होकार. माझ्या मनात मराठीतला 'जा' आला होता.

गुरुवार, १५ मे

आज सल्ला घ्यायला गेलो. चर्चच्या मागे बैठं घर, मंगळवार-गुरुवार परदेशी लोकांना फुकट सल्ला. दारावर क्रूस, आत मेणाचा आणि कॉफीचा वास. मी एकदम नऊ वर्षांची झाले. आपोआप पाठ ताठ, नखं आत.

फ्राउ हेगेले नावाची बाई. माझ्याच वयाची, केस पांढरे, जीभ माझ्यासारखी. इंग्रजी स्वच्छ. तिने सहाही पानं वाचली, चष्मा काढला आणि म्हणाली, आधी एक ऐका. नकार म्हणजे हकालपट्टी नाही. ब्लू कार्ड पुढच्या फेब्रुवारीपर्यंत आहे, ते तसंच आहे. कुणीही बॅग भरायची नाही.

वल्लरीचे खांदे खाली आले तेव्हा मला कळलं की ते बारा दिवस वर होते.

मग तिने बोटांवर मोजलं. एक, काहीच करायचं नाही. नवीन नोकरी ब्लू कार्डाच्या पगाराची शोधायची. दोन, दुरुस्त करून नवा अर्ज. कधीही करता येतो, पण पुन्हा दहा महिने. तीन, हरकत, वीडरश्प्रुख. लेखी, सहीनिशी, मुदतीत. चूक साधी असेल तर तेच ऑफिस आपला निर्णय बदलू शकतं. चार, कोर्ट, पण हरकत फेटाळली तरच, आधी नाही. देवदत्तचा पंजाबी इथेच निकालात निघाला.

"तुमच्यासाठी तीन," ती म्हणाली. "चार माणसांना हे घर पुरतं. फक्त पटवून द्या की सहा हा आकडा कसा आला. त्यांना कारण लागतं. कुणी लिहिला?"

"मीच. घाईत," वल्लरी म्हणाली.

"हे पुरायचं नाही. घाईत माणूस दोन माणसं वाढवत नाही."

मग तिने सांगितलं, आपली फाइल मागून पाहता येते. वल्लरी म्हणाली, गरज नाही, मला आठवतंय. मी म्हटलं, गरज आहे! तेहतीस वर्षांचा अनुभव आहे मला, मूळ कागद बघितल्याशिवाय खुलासा लिहायचा नसतो. फ्राउ हेगेलेने माझ्याकडे पाहून टेबलावर टिचकी मारली. "गेनाऊ!" म्हणजे अगदी बरोबर.

वल्लरी कागद आवरायला लागली.

सोमवार, १९ मे

फाइलसाठी अर्ज केला. तो मात्र वल्लरीने स्वतः भरला. मी तीनदा तपासला. एकही चूक नाही! मग मागच्या वर्षी काय झालं होतं हिला?

शुक्रवार, २३ मे

फाइलच्या प्रती आल्या. वल्लरी मैत्रेयीला पोहायला घेऊन गेली होती, गौरांग दुकानात. पाकीट टेबलावर. उघडलेलंच होतं. (मी उघडलं.)

तिसरं पान. घरातील व्यक्ती. ठळक, सुंदर, जोडून लिहिलेलं अक्षर. लांब वेलांटीचा मोठा V. शेपटी डावीकडे वळवलेला g. जर्मन लोक सातावर आडवी रेघ मारतात, इथे जन्मतारखांतल्या साताला रेघ नाही.

१. वल्लरी. २. गौरांग. ३. उर्जा. ४. मैत्रेयी. ५. शोभना विलास टिपणीस. ६. विलास गजानन टिपणीस.

अक्षर माझं आहे.

शुक्रवार, २३ मे — नंतर

पान या वहीत ठेवलंय. वही उशीखाली.

मागच्या जूनमध्ये मी आले होते. वल्लरी कामासाठी चार दिवस बाहेरगावी. गौरांग ऑम्लेट करत होता, समोर फॉर्मांचा ढीग: उर्जाची शाळा, मैत्रेयीचं पोहणं, वाचनालय, आणखी काय काय. गौरांगचं अक्षर म्हणजे कावळ्याचा पाय. मी म्हटलं, दे इकडे. तो सांगत गेला, मी भरत गेले. तो म्हणाला, "इथे घरातली माणसं लिही." लिहिली. मला वाटलं शाळेचा आहे!

आणि शाळेचा नसता तरी? रेशन कार्डावर, शिरगणतीत, लग्नपत्रिकेच्या शेवटी, आयुष्यभर घरातली माणसं अशीच लिहिली. कोण कुठे झोपतं हे कुणी विचारलं नव्हतं.

पण यांना! जे माणूस शनिवार पेठ सोडून कोथरूडला राहायला तयार नव्हतं, ज्यांनी अजून पासपोर्ट काढलेला नाही, त्यांना मी दहा महिने कागदोपत्री जर्मनीत ठेवलं. मोडक्या गुडघ्यासकट.

शनिवार, २४ मे

वल्लरीने विचारलं, "आई, फाइलमधलं एक पान कमी वाटतंय."

मी म्हटलं, "या ऑफिसचं काही खरं नाही."

ती म्हणाली, "हो ना."

रविवार, २५ मे

माझ्या बाजूचे मुद्दे:

चूक गौरांगची, त्याने नीट सांगितलं नाही.

चूक ऑम्लेटची.

चूक पिझ्झाची. फेब्रुवारीत खुलासा केला असता तर इथवर आलंच नसतं.

चूक वल्लरीची, सही तिने केली. हा सर्वांत भक्कम मुद्दा आहे. तो लिहिताना पेन अडखळलं.

तीन आठवडे मी तिला रोज काही ना काही ऐकवलंय. पोळी जाड झाली तरी "वाचून करत जा" म्हटलंय!

मंगळवार, २७ मे

वल्लरीने हरकतीचा मसुदा दाखवला. "अर्जदाराच्या निष्काळजीपणामुळे." असं तिने स्वतःबद्दल लिहिलं होतं. जर्मन शब्द एवढा लांब की ओळीवर मावत नव्हता.

मी वाचलं. व्याकरण चांगलं आहे म्हटलं. (मला जर्मन येत नाही.)

जेवले नाही नीट. उर्जाने विचारलं, "आजी, बिस्ट डू क्रांक?" मी म्हटलं, आजारी नाही गं, म्हातारी आहे.

गुरुवार, २९ मे

आज इथे सणाची सुट्टी, येशू स्वर्गात गेला तो दिवस. सिस्टर बेनेडिक्टा म्हणायची, कबुलीला मुहूर्त लागत नाही. पण असला तर बरा.

सगळे घावनं खात होते. मी वही आणली, पान काढलं, टेबलावर ठेवलं.

"हे मी भरलंय. सहा मी लिहिलं. पाचवी मी आणि सहावे तुमचे बाबा."

गौरांगने पान उचललं. पाहिलं. मग जो हसायला लागला! कॉफी नाकातून आली. "बाबा! बाबा जर्मनीत! आई, तू बाबांना न विचारता स्थलांतरित केलंस!"

"तुला ऑम्लेट उलटायचं होतं ना," मी म्हटलं, "उलटलं बघ."

उर्जा म्हणाली, "दास इस्ट दोख नुर आइने त्साल!" एक आकडाच तर आहे. मैत्रेयीने विचारलं, मग आता आजोबा येणार का? त्यांना कुठे झोपवणार?

वल्लरीने तोंडावर हात ठेवला. "अय्या! खरंच, आई? मला वाटलंच नव्हतं!" भुवया जरा जास्तच वर गेल्या. मला वाटलं, रागावली असेल, दाखवत नाहीये. तिच्या ताटात मी माझं घावन ठेवलं. "तुला तीन आठवडे उगाच बोलले."

"सत्तावीस दिवस," ती म्हणाली. "पण चार दिवस तुम्ही गप्प होतात, ते वजा."

ही मुलगी उलट उत्तर देते! छान देते!

शुक्रवार, ३० मे

फ्राउ हेगेलेला फोन केला. ती इतकी हसली की मला वाटलं लाइन खराब आहे. म्हणाली, हेच कारण लिहा, असंच्या असं. निष्काळजीपणा वगैरे काढून टाका.

तर नवा खुलासा माझ्या नावाने, इंग्रजीत, वर वल्लरीचं जर्मन भाषांतर. "मी, शोभना टिपणीस, पुण्यात पतीसमवेत स्वतःच्या घरात राहते. मला स्वतःची पेन्शन आहे. मी मुलाकडे पाहुणी म्हणून येते व मुदतीत परत जाते. सदर रकान्यात मी कुटुंबातील माणसं लिहिली. या घरात कोण राहतं असा प्रश्न आहे हे मला कळलं नाही. आमच्याकडे हे दोन प्रश्न वेगळे नसतात."

शेवटचं वाक्य वल्लरीने घातलं. मी म्हटलं, काढ, ऑफिसला काय करायचंय? ती म्हणाली, राहू दे.

यांचाही जबाब हवा, सही करून फोटो पाठवा म्हटलं. मजकूर मी सांगितला होता. यांनी स्वतःच्या मनाने लिहिलं: "मी, विलास गजानन टिपणीस, हयात असून पुण्यात राहतो." पेन्शनच्या दाखल्याची सवय! परत लिहून घेतला. दुसऱ्यांदा लिहिलं, "मी जर्मनीत राहत नाही व राहण्याची इच्छाही नाही." मी म्हटलं, इच्छा कुणी विचारली होती? "विचारायला हवी होती ना," हे म्हणाले. "मला तिथे ठेवण्याआधी."

सोमवार, २ जून

हरकत दिली. सगळे कागद जोडून: दोन्ही जबाब, माझ्या परतीच्या तिकिटाची प्रत, शनिवार पेठेतलं लाइट बिल. वल्लरी पोस्टाने पाठवणार होती. मी म्हटलं, मुदतीच्या आदल्या दिवशी पोस्टावर विश्वास? ऑफिसात हातात दिली, आल्याचा शिक्का घेतला. शिक्का वाकडा होता. चालवून घेतला.

वल्लरीने सही केली तेव्हा मात्र मी तिच्या खांद्यावरून पाहिलं. घरातली माणसं: चार. माझं नाव कुठेच नाही. बरोबर आहे. तसंच हवं होतं. अर्ज अगदी बिनचूक.

येताना आइस्क्रीम खाल्लं. मला काही चव लागली नाही, पिस्ता होता म्हणून असेल.

बुधवार, ११ जून

काही नाही.

मंगळवार, १७ जून

काही नाही. वल्लरीच्या विभागात निरोपाचा केक झाला. तेरा दिवस आधीच! हे लोक दुःखसुद्धा वेळेआधी उरकतात.

तिने केकचा तुकडा माझ्यासाठी रुमालात बांधून आणला. म्हणाली, कडक आहे, आई, चहात बुडवा.

रविवार, २२ जून

देवदत्तचा फोन. "ताई, मी म्हटलं होतं ना, कोर्ट!" मी फोन मैत्रेयीला दिला. तिने त्याला वीस मिनिटं जर्मनमध्ये गोगलगायीची माहिती दिली.

गुरुवार, २६ जून

पांढरं पाकीट! पिवळं नाही, पांढरं!

गौरांग वाचेना. वल्लरीही वाचेना. शेवटी उर्जाने वाचलं, अकरा वर्षांच्या मुलीने, सोफ्यावर उभी राहून, बातम्या देतात तसं. हरकत मान्य. आधीचा निर्णय रद्द. कायमचा परवाना मंजूर. पुढच्या बुधवारी फोटो आणि बोटांचे ठसे घेऊन हजर राहावं.

वल्लरी जमिनीवर बसली. नुसती बसली. मग तिने त्या छोट्या कंपनीत फोन लावला आणि "जुलै" एवढा एकच शब्द तीनदा म्हणाली.

मी शिरा केला. वास जिन्यात गेला असणार. जाऊ दे.

यांना फोन केला. हे म्हणाले, "म्हणजे आता माझं जर्मनीतलं वास्तव्य संपलं?"

"संपलं."

"बरं वाटत होतं गं," म्हणाले.

शुक्रवार, ४ जुलै

उद्या विमान. वल्लरी माझी बॅग भरून देत होती. मनात खुपत होतं म्हणून विचारलंच, "मागच्या वर्षी सही करताना तू ते पान वाचलं नव्हतंस ना?"

ती चेन ओढत होती. थांबली.

"वाचलं होतं, आई. तेव्हाच. व्हाइटनर हातात घेतला होता."

"मग?"

"तुमच्या अक्षरात तुमची दोघांची नावं होती. खोडवेनात."